आधी रिकामं पारडं

सोमवार, ३

वही जुनीच आहे. दुकानात कुठला वजनकाटा कधी दुरुस्त केला ते टिपायला आणली होती. चार पानं भरल्यावर भागीदाराने स्वतःची निराळी पद्धत काढली आणि वही घरी आली. आता तीत सामानाची वजनं टिपणार आहे.

झालं असं, की काल लेकीचा फोन आला. तिला समुद्रापलीकडे काम मिळालंय, तीन वर्षांचं. एक तारखेला निघणार. त्याआधी चार दिवस घरी येते म्हणाली, आणि "बाबा, या वेळी तळ्यावर जायचंच."

तळं खिंडीपलीकडे आहे, चौतीस किलोमीटर. ती नऊ वर्षांची होती तेव्हापासून आम्ही दोघं सायकलींवर जायचो, तिथल्या विश्रामगृहात राहून दुसऱ्या दिवशी परत यायचो. गेली सहा वर्षं जमलेलं नाही. आमचा नियम ठरलेला आहे. सामान सगळं माझ्या सायकलवर, तिच्याकडे फक्त पाण्याची बाटली. फोनवर ती म्हणाली, "या वेळी सामान मी घेते." मी म्हटलं, "तू तुझी बाटली सांभाळ." शनिवार बावीस तारीख ठरली. तीन वर्षांनी मी बासष्ट वर्षांचा असेन, म्हणून ही खेप हुकवायची नाही.

आज दुकान बंद झाल्यावर जुन्या सॅकमध्ये आठ किलो भरले आणि टाकीच्या चढावर गेलो. या चढाला तीन वळणं आहेत आणि वर पाण्याची टाकी. खिंड याच्या चौपट आहे, पण सरावाला हा पुरतो. दुसऱ्या वळणावर उतरावं लागलं. खांदे भरून आले, विशेषतः डावा. सॅकचे पट्टे अरुंद आहेत, ते रुततात. अशी सॅक पाठीवर घेऊन कोणीही उतरला असता.


बुधवार, ५

सायकलवाल्याकडे गेलो. चौकातलं हे दुकान बापापासून त्याच्याकडे आहे आणि सल्ला न मागताच मिळतो.

"काका, पाठीवर कशाला घेता? माणूस स्वतःला ओढतो तेवढं पुरे. सामान सायकलला द्या."

पटलं. एक पत्र्याचा डबा कॅरिअरवर ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळला. आठ किलो तेच. सपाट रस्त्यावर झकास. चढाला लागलो तसा डबा मागून डोलायला लागला. दुसरं वळण दिसत होतं, पण तिथवर पोचलो नाही.

कारण उघड आहे. वजन फार उंचावर गेलं. ज्याने जन्मभर काटे दुरुस्त केले त्याला तरी हे आधी कळायला हवं होतं. वजन खाली पाहिजे, चाकाच्या जवळ.

परत येताना दम लागला होता. उतारावर कसा काय लागला कोण जाणे. बहुधा चढावरचाच उरलेला असावा.


शनिवार, ८

बायको घरी शिवणकाम करते. तिला म्हटलं, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लटकतील अशा दोन पिशव्या शिवून दे. ताडपत्री मी आणतो.

"गाढवाच्या गोण्या असतात तशा?"

"तशाच."

"माप कोणाचं घेऊ? सायकलचं की..."

"पुरे."

तिने टेप घेतली, चाकाची मापं घेतली, कॅरिअरची घेतली. मग उगाच माझ्या छातीला टेप लावून उभी राहिली. "काय ग?" तर म्हणे, "काही नाही, शर्ट घट्ट दिसतोय." घट्ट नाहीच मुळी. पोटावर थोडा होतो, तो संध्याकाळीच.


रविवार, ९

आज चढावर गेलो नाही. बूट पायात जाईनात. चामडं आकसलं असणार, सकाळी ठीक असतात आणि दुपारनंतर चावतात. कपाटावर ठेवून दिले.

बायकोने उशीला आणखी एक उशी लावून दिली आहे. उंच डोकं केलं की मला बरी झोप लागते हल्ली. सवय बदलते माणसाची.


मंगळवार, ११

पिशव्या झाल्या. सुंदर शिवल्यात, शिवणी दुहेरी, तळाला जाड कापड. पण सांगितल्यापेक्षा वीतभर लहान आहेत. विचारलं तर म्हणाली, "कापड पुरलं नाही." ताडपत्री मी मोजून आणली होती. उरलेला तुकडा मशिनखाली घडी घालून ठेवलेला दिसला.

आता खरी गंमत लिहायची आहे, म्हणजे खरं तर डोकेदुखी. पिशव्यांत मिळून आठ किलो भरले. दोन्ही एका हातात उचलल्या आणि हात म्हणाला, अकरा.

माझ्या हाताबद्दल लिहायला हवं, कारण ही वही पुढे लेक वाचेल तर हसेल. ती लहान असताना आमचा खेळ असायचा. ती माझ्या तळहातावर काहीबाही ठेवायची, दगड, कुलूप, एकदा तर कासवाएवढा बटाटा, आणि डोळे मिटायला लावून विचारायची, "बाबा, किती?" मी सांगायचो. मग काट्यावर ठेवून खात्री व्हायची. पन्नास ग्रॅमपलीकडे मी कधी चुकलो नाही. दुकानदार मंडळीसुद्धा मला 'हातकाटा' म्हणतात.

म्हणून पिशव्या ताणकाट्याला लटकवल्या. ताणकाटा म्हणजे आत स्प्रिंग असलेला हुकाचा काटा, घरी एक कायम असतो. त्याने आठ दाखवले. काढल्या, पुन्हा उचलल्या. अकराच. पुन्हा लटकवल्या, आठ.

काटा बिघडला आहे. उद्या दुकानात नेतो.


बुधवार, १२

भागीदाराने ताणकाटा प्रमाण वजनांवर तपासला. ही पितळी वजनं आम्ही मखमली खणांत ठेवतो आणि हातमोज्याशिवाय कोणी शिवत नाही. एक किलोला एक, पाचला पाच, दहाला दहा. सुई केसभरही हलली नाही.

"काटा ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"स्प्रिंग मऊ पडली असेल."

"मऊ पडली असती तर जास्त दाखवलं असतं. हा तुझ्यापेक्षा कमी दाखवतोय."

"मग तुझी वजनं झिजलीत."

आजवर मी त्याला असं बोललो नव्हतो. तो रागावला नाही, हेच मला खटकलं. त्याने स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "तू बस जरा." मी उभ्यानेच काटा उघडला, आतली स्प्रिंग बदलली, पुन्हा जोडला. तासाभराचं काम, मला सगळी दुपार लागली. मध्येमध्ये थांबावंसं वाटत होतं.


शुक्रवार, १४

नव्या स्प्रिंगचा काटाही आठच म्हणतो. हात म्हणतो साडेअकरा. काट्यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

पण वजन वाटून घ्यायची युक्ती सुचली. हँडलला बास्केट बसवली. तीन किलो पुढे, पाच मागे. सगळं मागे असल्याने पुढचं चाक हलकं होतं आणि म्हणून चढावर झगडावं लागतं, असा माझा हिशोब होता.

आज पहिल्या वळणावर उतरलो. सायकल धरून उभा होतो, तेवढ्यात एक बाई बाबागाडी ढकलत शेजारून वर गेली. गाडीत बाळ, शिवाय खाली दोन पिशव्या. मला म्हणाली, "मदत करू का, काका?" बाळानेही मान वळवून पाहिलं. मी हसलो आणि म्हटलं, पंक्चर आहे.

पंक्चर नव्हतं. उगाच खोटं बोललो.

घरी आलो तर लेकीचा फोन. "बाबा, सराव चाललाय ना? दम लागतो का?"

"कोणाला?"

"तुला."

"मला कशाला लागेल?"

मग म्हणाली, "आईला दे." बायको फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मायलेकींची गुपितं असतात. लेक दूर चाललीय, आईचा जीव तुटणारच.


रविवार, १६

आज सामानाची यादी चाळली. कमी काय करता येईल? दोन टॉवेलांचा एक केला. साबणाची अर्धी वडी कापली. टॉर्च छोटी घेतली. तरी पंपाशिवाय, पान्यांशिवाय आणि पंक्चरच्या सामानाशिवाय निघणारा मी नव्हे. वाटेत लेकीची चेन तुटली तर काय करणार?

पिशवी उघडली तर पान्यांची गुंडाळी नाही. शोधलं तर स्वयंपाकघराच्या खणात, चमच्यांखाली. जाड ब्लँकेटही कपाटात परत गेलेलं. पंप मशिनच्या मागे.

"तुम्हीच विसरला असाल," बायको म्हणाली.

"चमच्यांखाली?"

ती शिवत राहिली. मी सगळं पुन्हा भरलं. भरताना दोनदा पलंगावर टेकलो. तेव्हा तिने मशिन थांबवली.

"सॅक झाली, डबा झाला, पिशव्या झाल्या, बास्केट झाली. काटासुद्धा खोलून झाला तुमचा. नाचता येईना, अंगण वाकडं! दवाखान्यात चला."

"कशाला? तिथला वजनकाटासुद्धा मीच दुरुस्त केलाय. ते मला काय सांगणार?"

"माणसाचं सांगतील. काट्याचं नाही."

मी म्हटलं, तळ्यावरून आल्यावर बघू. आज दवाखाना, उद्या तपासण्या, परवा कोणीतरी म्हणणार सायकल चालवू नका. मग लेक येणार, तोंड पाडणार आणि तिकडचं काम सोडून इथेच बसणार. मी तिला ओळखतो, हट्टीपणात माझ्यावर गेली आहे. माझ्यापायी तिची तीन वर्षं जायला नकोत. शिवाय मला झालंय काय? थकलोय थोडा. एकोणसाठाव्या वर्षी थकणार नाही तर कधी?

बायकोने डोळ्यांना पदर लावला. मग सुईत दोरा ओवायला गेली आणि चार वेळा चुकली. मला वाईट वाटलं. उठून ओवून द्यावा असंही वाटलं, पण उठवलं नाही.


मंगळवार, १८

आज सकाळी दुकानात एक किराणावाला नवा काटा घेऊन आला. त्याच्या नोकराने पारड्यात थेट पाच किलोचं वजन ठेवलं आणि म्हणाला, बघा, जास्त दाखवतोय. मी त्याला झापला. "काटा तपासताना आधी रिकामं पारडं बघायचं असतं, एवढंही माहीत नाही? रिकाम्यालाच शून्य दाखवत नसेल तर वर काहीही ठेवून काय उपयोग?" हे वाक्य मी हजारदा तरी म्हटलं असेन.

मग बसून राहिलो. पंधरा दिवस मी सॅक बदलतोय, डबा बदलतोय, पिशव्या बदलतोय. रिकामं पारडं एकदाही पाहिलं नाही.

दुपारी कामावरून लवकर निघालो. पिशव्या काढल्या, बास्केट काढली, पंपसुद्धा उतरवला. खिशातल्या किल्ल्या घरी ठेवल्या. टाकीच्या चढावर गेलो.

पहिल्या वळणाच्या अलीकडे उतरलो.

तिथून सायकल ढकलत सायकलवाल्याकडे गेलो. म्हटलं, ब्रेक घासतोय, चाक जड जातंय. त्याने सायकल उलटी केली आणि चाकाला एक टिचकी दिली. चाक फिरायला लागलं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत उभे होतो. ते फिरतच राहिलं.

"काका, चाक लोण्यासारखं आहे," तो म्हणाला. मग हळूच, "बसा. चहा सांगतो."

बसलो. आज एवढंच लिहितो.


गुरुवार, २०

लेक आली. खांद्यावर तिची एक पिशवी, केस कापलेले, गालांची हाडं दिसायला लागलीत. जेवताना खूप बोलली. तिकडचं काम, तिकडची खोली, खिडकीतून म्हणे बंदर दिसतं. मी ऐकत होतो. ती बोलताना हात नाचवते ते आईसारखं.

मी काही सांगितलेलं नाही. बायकोलाही डोळ्यांनी बजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. परवा शनिवार. सावकाश जाईन, दर वळणाला थांबेन, म्हणेन की देखावा बघतोय. तिने विचारलं, "बाबा, हल्ली चपला का घालतोस? तुला तर बूट लागतात." मी म्हटलं, आकसलेत.

तिने माझ्या पावलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.


शुक्रवार, २१

संध्याकाळी सामान भरायला बसलो. बायकोने शिवलेल्या पिशव्या मध्ये, आम्ही तिघं भोवती. लेकीने एक पिशवी भरली, पट्टा आवळला आणि एकदम म्हणाली, "बाबा, डोळे मीट. किती?"

किती वर्षांनी. मी डोळे मिटले, हात पुढे केला. तिने पट्टा माझ्या बोटांत दिला आणि सोडला.

हात खाली गेला. मी तो वर आणला. डावा दंड ओढला गेला, कपाळाला घाम आला. घाई केली नाही. पूर्वी करायचो तसं मनगट दोनदा हलवून पाहिलं.

"नऊ," मी म्हटलं. "नऊला थोडं कमी."

कोणी हसलं नाही. डोळे उघडले. ताणकाटा आमच्या दाराच्या वरच्या खिळ्याला असतो, तिने पिशवी त्याला लटकवली. सुई साडेचारवर थांबली. तिने पिशवी काढली, पुन्हा लटकवली. साडेचार.

तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला ती नऊ वर्षांची असतानाची आठवण आली. तेव्हा मी बरोबर सांगितलं की ती टाळ्या पिटायची. चुकेन अशी तिला कल्पनाच नव्हती.

"स्प्रिंग मऊ झाली असेल," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. मला वाचवायला बघत होती बिचारी.

मी म्हणू शकलो असतो, हो. भागीदारालाही तेच म्हणालो होतो.

"नाही," मी म्हटलं. "काटा बरोबर आहे."

बायको उठून दारात आली होती, ती तिथेच खाली बसली. लेकीने पिशवी जमिनीवर ठेवली. "कधीपासून?"

"सॅकपासून," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. टाकीचा चढ, बाबागाडीवाली बाई, रिकामी सायकल. सांगताना शरम वाटली आणि हलकंही वाटलं. भीती वाटते, हेही बोललो. हे मी आजवर कधी कोणापुढे बोललो नव्हतो. बायकोने माझा हात घेतला आणि सोडलाच नाही.


शनिवार, २२

तळ्याऐवजी दवाखाना. लेक सोबत होती.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. आधी पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग म्हणाल्या, काट्यावर उभे राहा.

हा काटा सहा महिन्यांपूर्वी माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. काम संपल्यावर मी स्वतः त्याच्यावर उभा राहून खात्री केली होती, सत्तर किलो शंभर ग्रॅम. आज उभा राहिलो. पंच्याहत्तर तीनशे.

या काट्याबद्दल मला काही म्हणता येईना. त्याची स्प्रिंग मीच बसवली आहे.

"जेवण वाढलंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उलट कमी झालंय," माझ्याऐवजी लेकीनेच सांगितलं.

"मग हे पाणी आहे. हृदय थकलंय, त्यामुळे अंगात पाणी साचतंय. पायात, पोटात, छातीत. म्हणून झोपताना उशा लागतात, म्हणून दम." तपासण्या लिहून दिल्या, गोळ्या लिहून दिल्या. वेळेवर आलात म्हणाल्या, अगदी वेळेवर नाही, पण आलात. खिंड आत्ता नाही. पुढे कधी? ते बघू म्हणाल्या, नाही असं म्हणाल्या नाहीत.

पाच किलो दोनशे. एवढं ओझं मी दोन आठवडे टाकीच्या चढावर नेत होतो आणि ते कुठल्या पिशवीत आहे ते शोधत होतो.

बाहेर बाकावर लेक म्हणाली, "मी जाणार नाही." मला माहीतच होतं. मी म्हटलं, "तू गेली नाहीस तर ते ओझंही मलाच वाहावं लागेल, आणि डॉक्टरीणबाईंनी ओझं वाहायला मनाई केलीय." ती रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. शेवटी तोडगा निघाला. डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी वजन करायला सांगितलंय, एका दिवसात किलोभर वाढलं तर लगेच यायचं. ते वजन मी रोज लेकीला कळवायचं, न चुकता, खरं. मग ती एक तारखेला निघेल.

"खरं," तिने पुन्हा म्हटलं.

"आता हातावर कोणाचा भरवसा उरलाय," मी म्हटलं.


रविवार, २३

सकाळी लेक टाकीच्या चढावर गेली. बायकोच्या हातच्या दोन्ही पिशव्या तिने स्वतःच्या सायकलला लटकवल्या, भरलेल्या. मी पायथ्याच्या कट्ट्यावर बसलो. निघताना तिने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "ही सांभाळ."

तीनही वळणं तिने एका दमात घेतली. टाकीजवळ पोचून तिने हात हलवला. मीही बाटली वर करून हलवली. मग उगाच बाटलीचं वजन अजमावायला गेलो आणि मध्येच सोडून दिलं.

भागीदार दुपारी घरी आला. दुकानातला माणसांचं वजन करायचा काटा घेऊन आला होता. दोघंही त्या झिजलेल्या वजनांबद्दल काही बोललो नाही. त्याने काटा न्हाणीघराच्या बाहेर सपाट फरशीवर ठेवला, पाण्याचा थेंब सोडून फरशी ढाळ नाही ना ते पाहिलं, आणि चहा घेऊन गेला.


सोमवार, २४

सकाळी, रिकाम्या पोटी. आधी काटा रिकामा पाहिला. शून्य.

मग उभा राहिलो. चौऱ्याहत्तर किलो सहाशे.